'डॉ. स्ट्रेंजलव्ह' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टॅन्ली कुब्रिकचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' जानेवारी १९६४ मध्ये प्रदर्शित झाला. अणुयुद्धावर पुष्कळ सिनेमे निघाले, पण याच्या जवळपास पोचणारा दुसरा मला तरी ठाऊक नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना पडणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. पहिल्या प्रश्नात शेवट फोडलेला नाही. त्यापुढे मात्र सगळं उघड केलं आहे. सिनेमा पाहायचा राहिला असेल तर आधी तो पाहून या, फार तर दीड-पावणेदोन तास लागतील.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

अमेरिकेच्या एका हवाई तळाचा प्रमुख, ब्रिगेडियर जनरल जॅक डी. रिपर, याचं डोकं फिरतं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळून अमेरिकन माणसाच्या शरीरातले द्रव नासवण्याचा कम्युनिस्टांचा कट आहे, अशी त्याची पक्की समजूत झाली आहे. कुणालाही न विचारता तो आपल्या तळाच्या बी-५२ बॉम्बफेकी विमानांना रशियावर अणुहल्ला करायचा आदेश देतो. विमानं आधीच हवेत आहेत, लक्ष्यापासून दोन तासांवर. त्यांना परत बोलवायचा तीन अक्षरी संकेत एकट्या रिपरला माहीत आहे. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष मफली, त्यांचे सेनाधिकारी आणि रशियाचा राजदूत एका मोठ्या गोल टेबलाभोवती बसून हे थांबवायचं कसं याचा काथ्याकूट करत राहतात.

जवळजवळ सगळा सिनेमा तीन ठिकाणी घडतो: रिपरचा तळ, एका विमानाचा अंतर्भाग आणि राष्ट्राध्यक्षांची ती गोल टेबलाची खोली, म्हणजे वॉर रूम. या तिन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांशी नीट बोलता येत नाही, आणि सगळा घोळ त्यातूनच वाढत जातो.

अणुयुद्धासारख्या विषयावर विनोदी सिनेमा कसा काय सुचला?

सुरुवातीला कुब्रिकच्या मनात विनोदी सिनेमा नव्हताच. ब्रिटिश हवाई दलात अधिकारी असलेल्या पीटर जॉर्ज यांची १९५८ सालची 'रेड अलर्ट' ही कादंबरी त्याने घेतली होती. ती अगदी गंभीर आहे, विनोदाचा तिला वाससुद्धा नाही. कुब्रिक तेव्हा अणुयुद्धावर हाती लागेल ते वाचत होता. जाणकारांनाही भेटत होता. त्यांत थॉमस शेलिंग होते, ज्यांना पुढे २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पटकथा लिहायला बसल्यावर अडचण आली. प्रसंग जितका खरा करावा तितका तो हास्यास्पद होऊ लागला. 'आमची विमानं तुमच्यावर अणुबॉम्ब टाकायला निघाली आहेत, आमची चूक झाली' असं एका देशाचा प्रमुख दुसऱ्याला फोनवर सांगतोय. आता हा प्रसंग ताणलेल्या चेहऱ्याने लिहायचा कसा? असले भाग कुब्रिक गाळत गेला, आणि गाळता गाळता त्याच्या ध्यानात आलं की जे गाळतोय तेच सगळ्यांत खरं आहे. मग त्याने टेरी सदर्न या उपरोधिक लेखकाला बरोबर घेतलं आणि सिनेमाचा नूर बदलला. पटकथेवर कुब्रिक, सदर्न आणि जॉर्ज अशी तिघांची नावं आहेत.

मला या विनोदाचं मोठेपण वाटतं ते एका गोष्टीत. रिपर सोडला तर या सिनेमात वेडं कुणी नाही. बाकी सगळे आपापलं काम नेमून दिल्याप्रमाणे चोख करत असतात. नियमावली पाळली जाते, यंत्रं चालतात, सैनिक शूर आहेत, वैमानिक कसलेले आहेत. आणि या सगळ्यांच्या चोख कामातून जग बुडतं. हसताना पोटात खड्डा पडतो तो म्हणून.

याचा सगळ्यांत चांगला नमुना सिनेमात कुठे दिसतो?

मेजर कॉंगच्या विमानात. हे प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा हसू बाजूला ठेवून नुसती कामं बघा. आदेश आल्यावर कॉंगचा आधी विश्वास बसत नाही. तो खात्री करून घ्यायला सांगतो. मग तिजोरी उघडली जाते, सांकेतिक आकडे पडताळले जातात, बाहेरचा कुठलाही संदेश आत येऊ नये म्हणून सीआरएम-११४ नावाचं यंत्र जोडलं जातं. प्रत्येक जण आपल्या पुढ्यातला स्विच दाबतो आणि दाबल्याचं मोठ्याने सांगतो. त्यानंतर कॉंग जगण्याच्या सामानाची पेटी उघडून यादी वाचतो: पिस्तूल, चार दिवसांचं सुकं अन्न, मॉर्फिन, झोपेच्या गोळ्या, शंभर डॉलरचे रूबल, शंभर डॉलरचं सोनं, रशियन शब्दकोश आणि बायबल एकत्र असलेली चिमुकली पोथी, च्युइंगमची नऊ पाकिटं, तीन लिपस्टिक, नायलॉनच्या मोज्यांच्या तीन जोड्या. सगळं कसं अगदी विचारपूर्वक भरलेलं.

पुढे क्षेपणास्त्र विमानाच्या जवळ फुटतं. रेडिओ निकामी होतो, इंधन गळायला लागतं. तरी ही पोरं हरत नाहीत. आग विझवतात, रडारला दिसू नये म्हणून विमान जमिनीलगत नेतात, उरलेल्या इंधनाचा हिशेब करून जवळचं दुसरं लक्ष्य निवडतात. इकडे रशियन मंडळी मूळ लक्ष्याची राखण करत बसलेली असतात. पार्श्वभूमीला यादवी युद्धाच्या काळातल्या 'व्हेन जॉनी कम्स मार्चिंग होम' या गाण्याची धून ढोलांवर वाजत राहते. पाहता पाहता आपण त्यांच्या बाजूचे होऊन जातो. बॉम्बचे दरवाजे अडकतात तेव्हा ते उघडावेत असं आपल्यालाही क्षणभर वाटून जातं. कुब्रिकने प्रेक्षकाला तिथवर नेऊन सोडलं आहे, आणि माझ्या दृष्टीने सबंध सिनेमातली ही सगळ्यांत भेदक जागा आहे.

पीटर सेलर्सने नेमक्या किती भूमिका केल्या?

तीन. रिपरच्या तळावर अडकलेला ब्रिटिश अधिकारी ग्रुप कॅप्टन मॅन्ड्रेक, राष्ट्राध्यक्ष मफली आणि त्यांचा शास्त्रज्ञ-सल्लागार, खुद्द डॉ. स्ट्रेंजलव्ह. कोलंबिया या चित्रपट कंपनीची अटच होती की सेलर्सने एकाहून जास्त भूमिका कराव्यात. चौथी भूमिका मेजर कॉंगची होती, पण सेलर्सचा पाय मुरगळला आणि ती स्लिम पिकेन्सकडे गेली. पिकेन्स पूर्वी रोडिओत बेभान घोड्यांवर बसायचा, त्यामुळे टोपी आणि टेक्सासी बोलणं त्याला मुद्दाम आणावं लागलं नाही. झालं ते फार चांगलं झालं. सेलर्सचा कॉंग कदाचित जास्त हशा घेऊन गेला असता, पण विमानातल्या प्रसंगांत जो भाबडा कर्तव्यनिष्ठपणा हवा, तो पिकेन्सच्या चेहऱ्यावरच आहे.

आपल्याकडे पुष्कळांनी सेलर्सला 'द पार्टी'मधला बावळट हिंदुस्थानी नट म्हणूनच पाहिलं आहे. त्यांनी इथला मफली जरूर पाहावा. इतका आवरून, इतका हळू अभिनय त्याने क्वचितच केला असेल.

तो प्रसिद्ध फोन-प्रसंग एवढा का वाखाणला जातो?

रशियाचा प्रमुख दिमित्री किसॉफ या सिनेमात ना दिसतो ना ऐकू येतो. आपल्याला फक्त मफलीची बाजू ऐकू येते. किसॉफ दारू प्यायलेला आहे आणि पलीकडे गाणं मोठ्याने चाललं आहे, म्हणून मफलीला आधी ते कमी करायला सांगावं लागतं. मग खुशाली. मग कसंबसं, शब्द जुळवत, 'आमच्या एका कमांडरने एक वेडेपणा केला आहे'. मग रुसवाफुगवा: वाईट मलाही वाटतंय, तुझ्याइतकंच वाटतंय, फक्त तुलाच वाटतंय असं म्हणू नकोस. दोन माणसांचं नाजूक झालेलं नातं आहे आणि मध्ये कोट्यवधी माणसांचे जीव आहेत. सेलर्सने यातलं बरंचसं चित्रीकरणाच्या वेळी जागेवर रचलं. तो एखादी गोष्ट दुसऱ्यांदा तशीच करेल याची शाश्वती नसायची, त्यामुळे कुब्रिक एकाहून जास्त कॅमेरे लावून ठेवायचा.

इतिहासाची एक बाब सांगून ठेवतो. क्यूबाच्या पेचप्रसंगानंतर १९६३ साली वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची खरी 'हॉटलाइन' सुरू झाली. ती फोनची नव्हती, टेलिप्रिंटरची होती. बोलताना घाईत तोंडून भलतंच निघू नये, हाच त्यामागचा विचार होता.

फ्लोराइडचं ते खूळ पटकथेत रचलेलं आहे का?

नाही. अमेरिकेत १९४५ साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात दात किडू नयेत म्हणून पाण्यात थोडं फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली आणि हळूहळू इतर शहरांनी ते उचललं. हा कम्युनिस्टांचा डाव आहे, असं म्हणणारी माणसं पन्नाशीच्या दशकात खरोखर होती, जॉन बर्च सोसायटीसारख्या कडव्या कम्युनिस्टविरोधी संघटनांच्या वर्तुळात तर विशेष. रिपरच्या तोंडी जे येतं ते त्या काळच्या प्रेक्षकाने वर्तमानपत्रात वाचलेलं होतं.

विदर्भ-मराठवाड्यातले प्रेक्षक इथे हटकून विचारतात, की फ्लोराइडने हाडं आणि दात खराब होतात हे तर आमच्याकडे डोळ्यांनी दिसतं. ते बरोबरच आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, ती ओलांडली की फ्लोरोसिसचा, म्हणजे दात आणि हाडं खराब होण्याचा धोका असतो. अमेरिकेत मिसळत होते ते त्याहून कमी. रिपरचा आक्षेप मात्र आरोग्याचा नव्हताच, त्याला त्यात शत्रू दिसत होता.

रिपरचं काम करणारा स्टर्लिंग हेडन हा नट स्वतः थोडे दिवस कम्युनिस्ट पक्षात होता. १९५१ साली संसदीय समितीपुढे त्याने आपल्या सहकाऱ्यांची नावं सांगितली आणि त्याची खंत पुढे जन्मभर बाळगली. सिगार चावत, कॅमेरा खालून लावलेला असताना तो कम्युनिस्टांच्या कटाबद्दल बोलतो, तेव्हा हे माहीत असलं की तो चेहरा निराळा दिसतो.

जनरल टर्जिडसन इतका अंगावर येणारा अभिनय का करतो?

वॉर रूममधल्या या हवाई दलाच्या सेनापतीचं काम करणारा जॉर्ज सी. स्कॉट हा ताकदीचा, गंभीर नट. त्याला संयत अभिनय करायचा होता. कुब्रिक त्याला सांगायचा, एकदा सरावासाठी म्हणून अगदी भडक करून बघ, मग तुझ्या मनासारखं करू. आणि संकलनात भडक तेच ठेवलं. स्कॉट यावर चिडला होता. पण दोघे सेटवर बुद्धिबळ खेळायचे आणि बहुतेक वेळा कुब्रिक जिंकायचा, त्यामुळे स्कॉटला त्याच्याविषयी आदरही होता.

टर्जिडसनच्या हातातली फाइल नीट बघा. तिच्यावर जगातली लक्ष्यं 'मेगाडेथ'मध्ये मोजल्याचं लिहिलेलं आहे. एक मेगाडेथ म्हणजे दहा लाख मृत्यू. आता हल्ला झालाच आहे तर सगळी ताकद लावून टाकू, म्हणजे आपले पंधरा कोटींऐवजी दोन कोटीच मरतील, असा हिशेब तो अध्यक्षांपुढे मांडतो. ही परिभाषा त्या काळी खरोखर वापरात होती.

वॉर रूम खरी आहे का?

तशी खोली पेंटॅगॉनमध्ये नव्हती. ती इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत केन अ‍ॅडम यांनी उभारली. अ‍ॅडम बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू. लहानपणी कुटुंबासह इंग्लंडला पळून आले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढाऊ विमान घेऊन जर्मनीविरुद्ध लढले. सेट सुमारे १३० फूट लांब आणि १०० फूट रुंद होता. भिंती तिरक्या, जमीन काळी चकचकीत. टेबलावर दिव्यांचं मोठं वर्तुळ लटकतंय आणि माणसांवर उजेड पडतो तो त्याचाच. सिनेमा कृष्णधवल असूनही कुब्रिकने टेबलावर हिरवं कापड घालायला लावलं, कारण नटांना आपण जगाच्या भवितव्यावर पत्ते खेळायला बसलोय असं वाटलं पाहिजे होतं.

इथेच अध्यक्ष टर्जिडसन आणि रशियन राजदूत या दोघांना दटावतात, की इथे मारामारी करायची नाही, ही वॉर रूम आहे. या सिनेमातलं सगळ्यांत जास्त उद्धृत केलं जाणारं वाक्य हेच.

अमेरिकन हवाई दलाने मदत केली होती का?

अजिबात नाही. उलट सिनेमाच्या सुरुवातीला एक खुलासा येतो, की असं काही घडू शकणार नाही याची हवाई दलाने ग्वाही दिली आहे. बी-५२चा अंतर्भाग अ‍ॅडम यांच्या मंडळींनी छापून आलेल्या छायाचित्रांवरून आणि माहितीवरून उभा केला. तो इतका हुबेहूब झाला की ही माहिती कुठून मिळवली अशी चौकशी होते की काय, याची कुब्रिकला धास्ती वाटली होती. बाहेरची बर्फाळ दृश्यं उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशावरून दुसऱ्या एका जुन्या बॉम्बर विमानातून टिपली. बारकाईने पाहिलंत तर एका ठिकाणी बर्फावर त्या विमानाची सावली दिसते, बी-५२ची नव्हे.

एक अधिकारी परस्पर अणुहल्ला करू शकेल, हे त्या काळी शक्य होतं का?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. उत्तर हवाई दलाच्या खुलाशापेक्षा बरंच वाईट आहे.

सिनेमात 'प्लॅन आर' आहे. वॉशिंग्टन नष्ट झालं तरी प्रत्युत्तर देता यावं म्हणून खालच्या अधिकाऱ्याला हल्ल्याचा अधिकार देणारी योजना. अध्यक्ष मफली विचारतात, हा अधिकार तर फक्त मला होता ना? प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत काही वरिष्ठ सेनापतींना ठरावीक परिस्थितीत अण्वस्त्रं वापरण्याचा अधिकार आधीच देऊन ठेवलेला होता. कागदपत्रांवरची गोपनीयता उठल्यावर, कित्येक वर्षांनी, हे जगाला कळलं.

डॅनियल एल्सबर्ग तेव्हा रँड कॉर्पोरेशन या संरक्षण-संशोधन संस्थेत होते आणि याच विषयावर सरकारसाठी काम करत होते. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं फोडणारे तेच हे एल्सबर्ग. त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर हा सिनेमा पाहिला, आणि बाहेर पडताना दोघांचं एकमत झालं की आपण पाहिलं ती जवळपास डॉक्युमेंटरीच होती. २०१७ साली अणुयुद्धाच्या नियोजनावर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याला नाव दिलं 'द डूम्सडे मशीन'.

संकेताशिवाय अण्वस्त्र चालूच होणार नाही अशी कुलपं बसवायला केनेडी यांनी १९६२ साली मान्यता दिली, पण सुरुवात युरोपात ठेवलेल्या शस्त्रांपासून झाली. बॉम्बफेकी विमानांवरच्या शस्त्रांना ती बसायला बरीच वर्षं गेली. म्हणजे सिनेमा पडद्यावर आला त्या आठवड्यात प्रेक्षकांच्या डोक्यावरून जी बी-५२ विमानं जात होती, त्यांतल्या बॉम्बना तसं कुलूप नव्हतं.

आणि विमानं खरोखरच जात होती. साठच्या दशकात, १९६८ पर्यंत, 'क्रोम डोम' मोहिमेत अणुबॉम्ब घेतलेली बी-५२ विमानं अहोरात्र हवेत ठेवलेली असत. त्या वर्षांतले अपघात माहीत असू द्यावेत. जानेवारी १९६१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या गोल्ड्सबरोजवळ एक बी-५२ हवेतच मोडलं आणि दोन हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. त्यातल्या एकाचा स्फोट अगदी साध्या एका स्विचमुळे टळला, असं अमेरिकेच्याच एका तज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं. ते टिपण २०१३ साली बाहेर आलं. १९६६ साली स्पेनमधल्या पालोमारेस गावाजवळ चार बॉम्ब पडले, तीन जमिनीवर आणि एक समुद्रात, त्यांतल्या दोघांतलं किरणोत्सारी द्रव्य शेतांत पसरलं. १९६८ साली ग्रीनलंडमध्ये थूलीजवळ विमान कोसळलं, आणि त्यानंतर या फेऱ्या बंद झाल्या.

आजही अमेरिकेत अण्वस्त्र वापरण्याचा आदेश देण्याचा अधिकार एकट्या अध्यक्षाकडे आहे. दुसऱ्या कुणाची संमती घ्यावी लागत नाही. सिनेमात खालचा माणूस बिथरतो, वरचा शहाणा असतो. वरचाच बिथरला तर काय, हे कुब्रिकने विचारलं नाही. ते आपण विचारलं पाहिजे.

'डूम्सडे मशीन' ही निव्वळ कल्पना आहे ना?

सिनेमात रशियाने असं यंत्र बसवलंय की त्यांच्यावर अणुहल्ला झाला की कोबाल्टने वेढलेले बॉम्ब आपोआप फुटतील आणि त्र्याण्णव वर्षं पृथ्वीवर किरणोत्साराचं आवरण राहील. ते कुणालाच बंद करता येत नाही. स्ट्रेंजलव्ह राजदूताला खडसावतो, की अहो, असं यंत्र गुप्त ठेवलं तर त्याचा उपयोगच काय? जगाला सांगितलं का नाहीत? त्यावर राजदूत उत्तरतो, सोमवारी पक्षाच्या अधिवेशनात जाहीर करणार होतो, आमच्या प्रमुखांना आश्चर्याचे धक्के द्यायला आवडतात.

कोबाल्ट बॉम्बची कल्पना लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९५० साली धोक्याची सूचना म्हणून मांडली होती. 'डूम्सडे मशीन' हा शब्द हर्मन कान यांच्या १९६० सालच्या 'ऑन थर्मोन्यूक्लिअर वॉर' या ग्रंथामुळे गाजला. कुब्रिकने तो ग्रंथ कोळून प्यायला होता. कान यांनी हे यंत्र करू नये असंच लिहिलं होतं, पण त्याच्या खर्चाचा आणि उपयुक्ततेचा विचार त्यांनी ज्या थंडपणे केला, तो थंडपणा सिनेमात आला.

पुढचं तर अंगावर काटा आणतं. सोव्हिएत संघाने ऐंशीच्या दशकात 'पेरिमीटर' नावाची यंत्रणा खरोखर उभी केली आणि १९८५ साली ती कार्यरत झाली. नेतृत्व मारलं गेलं आणि संपर्क तुटला, तर ही यंत्रणा उरलेली क्षेपणास्त्रं सोडण्याचा मार्ग उघडून देते. शेवटचा निर्णय एका भूमिगत खोलीतल्या मोजक्या अधिकाऱ्यांच्या हाती ठेवलेला, एवढाच सिनेमातल्या यंत्राशी फरक. बाहेरच्या जगाला तिची वार्ता लागली १९९३ साली. तोवर ती गुप्त होती.

डॉ. स्ट्रेंजलव्ह नेमका कोण? किसिंजर का?

पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेल्या हेन्री किसिंजर यांचं नाव नेहमी घेतलं जातं, पण तेव्हा ते हार्वर्डमधले प्राध्यापक होते, आजच्याइतके जगभर माहीत नव्हते. हे पात्र अनेकांतून घडलं आहे. बोलण्यातला हिशेबी थंडपणा हर्मन कान यांचा. नाझींसाठी रॉकेटं बनवून मग अमेरिकेच्या सेवेत मानाने रुजू होणं वेर्नर फॉन ब्राउन यांचं. हायड्रोजन बॉम्बचा ध्यास एडवर्ड टेलर यांचा. आणि आवाज, आश्चर्य वाटेल, विजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराचा. तो सेटवर फोटो काढायला आला होता आणि सेलर्सने त्याचं बोलणं उचललं. काळा हातमोजा कुब्रिकचा स्वतःचा.

तो उजवा हात मालकाचं ऐकत नाही. मध्येच नाझी सलामीसाठी वर उठतो, मध्येच मालकाचाच गळा धरतो. या माणसाला युद्धानंतर नागरिकत्व मिळालं, पद मिळालं, अध्यक्षांच्या टेबलाशी खुर्ची मिळाली. फॉन ब्राउनबरोबर असे शेकडो शास्त्रज्ञ अमेरिकेने खरोखरच आणले होते आणि त्यांच्या भूतकाळाकडे काणाडोळा केला होता.

सिनेमात बायका का नाहीत?

एक आहे. ट्रेसी रीड, टर्जिडसनची सेक्रेटरी. विमानात कॉंग जे मासिक चाळतो त्यातलं छायाचित्रही तिचंच. बाकी सगळे पुरुष, कारण निर्णयाच्या जागी तेव्हा तेच होते. शेवटी खोल खाणींत जगण्याची योजना निघते आणि एका पुरुषामागे दहा स्त्रिया हा हिशेब येतो, तेव्हा आतापर्यंत गोठलेले सगळे चेहरे खुलतात. कुब्रिकने सिगार, बंदुका, विमानं हे सगळं एका सुतात ओवलं आहे.

शेवटचा अर्थ काय? आणि कापलेला शेवट कसा होता?

कॉंग बॉम्बवर स्वार होऊन, टोपी हलवत खाली जातो. डूम्सडे मशीन सुरू होतं. वॉर रूममध्ये तरीही चर्चा थांबत नाही. रशियनांकडे आपल्यापेक्षा जास्त खाणी असतील तर काय, याची टर्जिडसनला काळजी. १९६० च्या निवडणुकीत 'क्षेपणास्त्रांत आपण मागे पडलो' अशी हाकाटी झाली होती, तिचाच हा प्रतिध्वनी. राजदूत गुपचूप फोटो काढत राहतो. स्ट्रेंजलव्ह आपल्या चाकांच्या खुर्चीतून उठतो आणि चालायला लागतो. मग एकामागून एक खऱ्या अणुचाचण्यांची दृश्यं येतात आणि त्यांवर व्हेरा लिनचं 'वुई'ल मीट अगेन'. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर निघालेल्या सैनिकांना धीर देणारं हे गाणं.

मुळात वॉर रूममध्ये सगळे एकमेकांना क्रीमचे केक फेकून मारतात असा शेवट चित्रित झाला होता. कुब्रिकने तो काढून टाकला. त्यात अध्यक्षांचा चेहरा केकने माखून ते कोसळतात आणि 'आपले लाडके अध्यक्ष ऐन उमेदीत पडले' अशा अर्थाचा संवाद होता. खास खेळ २२ नोव्हेंबर १९६३ ला ठरला होता, आणि त्याच दिवशी डॅलसला केनेडी यांची हत्या झाली. प्रदर्शन पुढे ढकललं गेलं. केक-प्रसंग कापण्याचं मुख्य कारण मात्र तो बाकीच्या सिनेमात बसत नव्हता हेच दिसतं. कापला ते योग्यच केलं. कॉंगच्या पेटीच्या प्रसंगातही 'एवढ्या सामानात डॅलसला मजेत सुट्टी जाईल' असं वाक्य होतं. तिथे नंतर 'व्हेगस' भरलं. ओठांकडे पाहिलंत तर डॅलसच दिसतं.

ऑस्कर मिळालं का?

सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शक, नट आणि पटकथा अशी चार नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. त्या वर्षी 'माय फेअर लेडी' जिंकला. ब्रिटनमध्ये बाफ्टाने मात्र सर्वोत्तम चित्रपटाचा मान दिला. अमेरिकेची राष्ट्रीय चित्रपट नोंदवही १९८९ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या पंचवीस चित्रपटांत हा होता.

हा पाहून झाल्यावर काय पाहावं?

पहिली शिफारस सिडनी लुमेटच्या 'फेल सेफ'ची. तोही १९६४ चा, तोही कोलंबियाचाच, गोष्टही जवळजवळ तीच. दोन्ही कथांच्या साम्यावरून न्यायालयात दावा झाला होता आणि तडजोडीत ठरलं की कुब्रिकचा आधी येईल. 'फेल सेफ' त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा हशा पिकून गेला होता, त्यामुळे तो चालला नाही. हा अन्याय झाला. हेन्री फोंडाचा अध्यक्ष आणि शेजारी बसलेला तरुण दुभाषा, बंद खोलीत फोनपाशी: तो प्रसंग मफलीच्या फोनइतकाच पकडून ठेवतो, फक्त हसू नाही.

आपल्याकडचं पाहायचं असेल तर मुंबईचे आनंद पटवर्धन यांचा 'जंग और अमन' हा माहितीपट पाहा. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारत आणि पाकिस्तान दोन्हीकडे जो जल्लोष झाला, त्याच्यामागे कॅमेरा घेऊन तो हिंडतो, चाचणी-क्षेत्राजवळच्या गावांतही जातो. सेन्सॉर मंडळाने कापाकाप सुचवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली तो एकही कट न लावता दाखवायला परवानगी दिली. कुब्रिकनंतर लगेच दुसऱ्या दिवशी पाहिलात तर उत्तम.